दोन जबान्या

इंग्रजी अमलातील चांदा जिल्हा म्हणजे दहा हजार चौरस मैलांहून अधिक विस्ताराचा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती ह्या नद्यांच्या आसऱ्याने वसलेला व बहुतांशी अरण्याने झाकलेला मुलूख. १८७४ साली अपर गोदावरी जिल्हा मोडून सिरोंच्याचा प्रदेश त्यास जोडला गेला, तेव्हा जिल्ह्याचे दक्षिण टोक चांद्याच्या कचेरीपासून इतके दूर पडले की, पावसाळ्यात नद्या चढल्या म्हणजे कचेरीचा आणि त्या बाजूचा संबंध जवळजवळ तुटे. अशा ह्या जिल्ह्यात दर दहा वर्षांनी खानेसुमारीचा हंगाम आला म्हणजे पटवारी, शाळामास्तर, एखादा कारकून अशी मंडळी छापील तक्ते घेऊन गावोगाव जात, आणि नाव, जात, वय, धंदा हे रकाने भरून झाल्यावर त्यांना आणखी एक निराळाच रकाना भरावा लागे : घरात कोणी वेडा, मुका-बहिरा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा अथवा महारोगी आहे काय? १८८१पासून १९३१पर्यंत हा रकाना कायम होता. त्यातील आकडे भरवशाचे नाहीत अशी कबुली खानेसुमारीचे वरिष्ठ अधिकारीच आपल्या अहवालांतून वारंवार देत आले, आणि १९३१नंतर तो वगळण्यात आला.

तो भरवशाचा का नव्हता ह्याचे एक कारण उघड आहे. घरातील व्यंग परक्या माणसाच्या कागदावर चढावे असे कोणास वाटते? परंतु त्याहून खोल असे दुसरे कारण आहे. प्रश्न विचारावयाचा तो घरच्या कर्त्यास, आणि उत्तर लिहावयाचे तेही त्याचेच. ज्याच्याविषयी प्रश्न आहे तो तेथेच ओसरीवर बसलेला असे, पण त्याची जबानी कोणी घेत नसे. आंधळ्याच्या व महारोग्याच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नव्हते, कारण त्यांचे दुखणे त्यांना स्वतःला आणि इतरांना सारखेच ठाऊक होते. पण स्वतःच्या शेताची वाट विसरू लागलेला, जेवण होऊन घटकाभर झाली नाही तोच सुनेने आपणास उपाशी ठेवल्याची फिर्याद शेजाऱ्यांकडे करणारा, मेलेल्या भावाची वाट पाहत दारात बसणारा म्हातारा कोणत्या रकान्यात घालावयाचा? तो आपणास काहीही झाले नाही असेच सांगणार. आणि घरचेही बहुधा तेच सांगणार, केवळ निराळ्या कारणाने : साठी बुद्धी नाठी, एवढे म्हटले की त्यांच्या लेखी विषय संपला. सरकारच्या तक्त्यावर अशा म्हाताऱ्याचा मागमूस राहत नसे.

नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ साली निघाले आणि मध्यप्रांताच्या ह्या भागातील माणसे तिकडे धाडली जाऊ लागली. परंतु तेथे जाण्यासाठी माणसास आधी कोणाच्या तरी डोळ्यांवर यावे लागे, दंगा करावा लागे किंवा रस्त्यावर बेवारस भटकावे लागे. घरच्या कोपऱ्यात बसून हळूहळू विझणाऱ्या स्मृतीकडे पोलिसाचेही लक्ष जात नाही आणि सिव्हिल सर्जनचेही नाही.

मात्र एक दरवाजा असा होता की, जेथे अशा म्हाताऱ्यास समोर बसवून दोन शब्द विचारले जाण्याचा संभव होता. तो दिवाणी अदालतीचा. १८५८ साली वेड्यांच्या संबंधाने जे कायदे झाले, त्यांतील छत्तिसावा इस्पितळांविषयी होता, तर पस्तिसावा मिळकत बाळगणाऱ्या माणसांविषयी. आपला वडील वा चुलता आपली मिळकत सांभाळण्यास बुद्धीने असमर्थ झाला आहे असा अर्ज नातलगाने केला, म्हणजे अदालतीने त्या इसमास नोटीस द्यावी, आवश्यक वाटल्यास त्यास हजर करवून त्याची परीक्षा घ्यावी, आणि मगच मिळकतीवर व्यवस्थापक नेमावा, असा त्या कायद्याचा रोख होता. १९१२च्या कायद्याने दोन्ही विषय एकत्र केले तेव्हाही तो कायम राहिला. ह्या तरतुदीचा उगम म्हाताऱ्यांविषयीच्या करुणेत नसून मालगुजारीचा वारसा, गहाणखते आणि कुळांकडील बाकी ह्यांच्या काळजीत होता, हे सांगावयास नकोच. तथापि तीत एक शहाणपण होते. अर्जदार पोराचा हेतू शुद्ध असेलच असे न्यायाधीश धरून चालत नसे, आणि म्हातारा स्वतःविषयी खरे बोलू शकेलच असेही धरून चालत नसे. दोन जबान्या घ्यावयाच्या, त्या शेजारी ठेवावयाच्या, आणि त्यांतील अंतर कोठून आले ह्याचा विचार करावयाचा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसास स्वतःच्या आजाराची जाणीव कितपत आहे हे मोजण्यासाठी वैद्यकशास्त्राने पुढे जी रीत शोधली, ती मूलतः हीच होय. फक्त वैद्यकास तेथवर पोचण्यास सव्वाशे वर्षे लागली.

आजारी माणसास आपण आजारी आहोत हेच कळू नये, हे कोडे मात्र जुने आहे. रोमन तत्त्वज्ञ सेनेका ह्याने आपल्या एका पत्रात घरातल्या एका दासीची हकिकत सांगितली आहे. ती अकस्मात आंधळी झाली, पण आपण आंधळ्या झालो हे तिला उमजेना, आणि घरात अंधार फार आहे, मला दुसरीकडे न्या, असा तिने धोशा लावला. सेनेकाने ह्यातून मनुष्यस्वभावावर प्रवचन केले. वैद्यकाच्या नजरेने तिच्याकडे पाहणारा मनुष्य निघण्यास एकोणिसावे शतक संपावे लागले. १८९९ साली ग्राट्स येथील गाब्रिएल आन्टोन ह्याने मेंदूच्या विकाराने दृष्टी वा श्रवण गेलेले असूनही त्याचा पत्ता नसलेल्या रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९१४ साली पॅरिसच्या मज्जाशास्त्रज्ञांच्या सभेत जोझेफ बाबिन्स्की ह्याने अर्धांगवायूने डावे अंग लुळे पडलेल्या दोन स्त्रियांची हकिकत मांडली; डावा हात हलवा म्हटले की एक गप्प राही अथवा हलवला की, असे उत्तर देई, आणि हात तर अंथरुणावर जेथल्या तेथे पडलेला असे. बाबिन्स्कीने ह्या अवस्थेस अ‍ॅनोसोग्नोसिया हे नाव दिले व आजही तेच चालते. ह्या स्त्रिया खोटे बोलत नव्हत्या, हट्टही करीत नव्हत्या. जो मेंदू हाताची खबर ठेवतो त्याच मेंदूला धक्का बसला असल्याने हाताविषयीची खबर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हती.

आणि तरीही स्मृतिभ्रंशाच्या अर्वाचीन इतिहासातील पहिली नामांकित रोगी ह्या चित्रात नीटशी बसत नाही. १९०१च्या नोव्हेंबरात फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात एका रेल्वे कारकुनाने आपल्या पत्नीस आणून सोडले. आउगुस्ट डेटर तिचे नाव, वय एक्कावन्न. नवऱ्यावर अकारण संशय घेणे येथून दुखण्यास आरंभ झालेला. डॉक्टर आलोइस अल्त्सहायमर तिला नाव, नवऱ्याचे नाव, जेवणात काय खाल्ले असे साधे प्रश्न विचारी व तिची उत्तरे शब्दशः टिपून ठेवी. ताटातील पदार्थाचे नाव तिला सांगता येत नसे, नवऱ्याच्या नावाच्या जागी ती स्वतःचेच नाव सांगे. पण मध्येच, आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे काही तिच्या तोंडून येई. १९०६ साली ती वारली, त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्त्सहायमरने ट्युबिंगेनच्या सभेत तिच्या मेंदूतील विकृतीचे निवेदन केले, १९१०मध्ये मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिनने आपल्या ग्रंथात रोगाला अल्त्सहायमरचे नाव दिले. आणि तिची मूळ कागदपत्रे जी गहाळ झाली ती १९९५ साली फ्रांकफुर्टच्या दप्तरात सापडली. जाणीव शाबूत आहे किंवा नाही अशी सरळ विभागणी त्या कागदांवरून करता येत नाही. सकाळी असते, दुपारी नसते. जेवणाविषयी नसते, आपल्यात काहीतरी तुटले आहे ह्याविषयी असते.

युरोपातील ही चर्चा चालू असता चांद्याच्या अरण्यात काय होते? महारोग होता. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे ह्यांनी आनंदवन वसविले, आणि तेव्हापासून ह्या जिल्ह्यास अशा एका रोगाचा जवळून परिचय झाला की, जो शरीराच्या एखाद्या भागाची जाणीवच पुसून टाकतो. चुलीतील निखारा पायाला लागतो, कातडे जळते, वास येतो तेव्हा कळते. ह्या बधिरतेची परीक्षा करण्याची रीत मोठी सोपी आहे : रोग्याने डोळे मिटावयाचे, कापसाच्या वातीने त्याच्या त्वचेस ठिकठिकाणी स्पर्श करावयाचा, आणि जेथे स्पर्श झाला तेथे त्याने बोट ठेवावयाचे. बोट जेथे पोचत नाही तेथे रोग. येथे रोग्याचीच साक्ष पुरी पडते, कारण कातडे बधिर असले तरी बोट दाखविणारे मन धड असते. स्मृतिभ्रंशात मात्र ज्याची परीक्षा करावयाची तेच बोट दाखविणारे असते. म्हणून तेथे कापसाची वात चालत नाही, दुसरा साक्षीदार बोलवावा लागतो.

हा दुसरा साक्षीदार शास्त्रात रीतसर दाखल झाला तो गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत. मध्यंतरी, विशेषतः १९५५ साली वाइनस्टीन आणि कान ह्या दोघा अमेरिकनांचा ह्या विषयावरील ग्रंथ आल्यानंतर, रोगी आपले दुखणे नाकारतो ते मनाचा बचाव करण्यासाठी, ह्या मताचा मोठा बोलबाला होता. पुढे १९८५च्या सुमारास न्यू यॉर्कच्या बॅरी राइसबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना दोन गोष्टी विचारल्या : तुमची स्मरणशक्ती कशी आहे, आणि तुमच्या जोडीदाराची कशी आहे? आजार वाढत गेला तसतसे रोगी स्वतःविषयी चुकीचे सांगू लागले, परंतु जोडीदाराविषयी त्यांचा अंदाज बराचसा बरोबर राहिला. पारखण्याची शक्तीच नष्ट झाली म्हणावे तर ती दुसऱ्याच्या बाबतीत चालते. स्वतःकडे वळली की डोळा मिटतो. मला ह्या संबंध इतिहासातील सर्वांत विलक्षण शोध हाच वाटतो, आणि घरोघरच्या अनुभवाशीही तो जुळतो. स्वतः तीनदा तेच विचारणारी म्हातारी नवऱ्याच्या विसरभोळेपणावर हसते, आणि तो खरोखरच विसरभोळा असतो.

त्यानंतर ब्वेनोस आइरेस येथील सर्जिओ स्टार्कस्टाइन ह्यांच्या मंडळींनी १९९०च्या दशकात तीस प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. तारखा लक्षात राहतात का, ओळखीच्या जागी वाट चुकते का, पैशाचा हिशेब जमतो का, पूर्वीपेक्षा चिडता का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न एकदा रोग्यास व एकदा त्याची देखभाल करणाऱ्यास स्वतंत्रपणे विचारावयाचे, प्रत्येक उत्तरास शून्य ते तीन गुण द्यावयाचे, आणि दुसऱ्या बेरजेतून पहिली वजा करावयाची. जी बाकी उरेल ती अजाणतेपणाची मात्रा. वेल्समधील लिंडा क्लेअर ह्यांनी ह्या वजाबाकीवर अंकुश ठेवण्याचे काम केले. माणूस नाही म्हणतो त्यात मेंदूची विकृती किती, लाज किती, स्वभाव किती आणि विचारणाऱ्याविषयीचा अविश्वास किती, हे एका आकड्यात सांगता येत नाही असा त्यांचा आग्रह. ह्याखेरीज आणखी दोन रिती रूढ आहेत. एक म्हणजे अनुभवी डॉक्टरने दोघांशी बोलून आपल्या अंदाजाने पायरी ठरवावी. दुसरी अधिक कल्पक : रोग्याला आधीच विचारावे की, मी दहा शब्द वाचून दाखवितो, त्यांतील किती तुम्हांला आठवतील? मग परीक्षा घ्यावी, आणि बोललेले व घडलेले ताडून पाहावे. येथे नातलगाची गरजच पडत नाही. कालचा माणूस आजच्या माणसाविरुद्ध साक्ष देतो.

परंतु ह्या साऱ्या साधनांची पैदास शाळा शिकलेल्या, दिनदर्शिका भिंतीवर टांगणाऱ्या आणि बँकेत खाते ठेवणाऱ्या लोकांत झालेली. स्मृतिभ्रंश ओळखण्याच्या, १९७५ सालच्या फोल्स्टाइनच्या सुप्रसिद्ध चाचणीत शंभरातून सातसात वजा करीत जावयाचे असते, वाक्य लिहावयाचे असते आणि एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढावयाचे असतात. ज्याने जन्मात पेन्सिल धरली नाही त्याच्यापुढे हे ठेवले तर कागद त्याला स्मृतिभ्रंश झाला म्हणेल आणि तो नाही म्हणेल. मग हा नाही म्हणतो म्हणून ह्याला अजाणतेपणही आहे असा दुहेरी शिक्का त्याच्यावर बसेल, वस्तुतः तो पूर्ण खरे बोलत असताना! १९९०च्या दशकात हरियाणातील बल्लभगढच्या खेड्यांत भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून ही चाचणी हिंदीत नव्याने बांधली, तेव्हा घड्याळाच्या तासाऐवजी सकाळ आहे की संध्याकाळ असे विचारले, आणि वाचून डोळे मिटण्याऐवजी समोरच्याकडे पाहून तसेच करावयास सांगितले. तेथेच नातलगांना विचारावयाची एक निराळी प्रश्नमालिका तयार झाली : नुकतेच जेवल्याचे विसरतो का, गावात वाट चुकतो का, घरातल्या सोयरिकीसारख्या बाबीत मत देतो का. खेड्यातील वृद्धाचे खरे काम काय, हे ज्याने ओळखले त्यानेच हा शेवटचा प्रश्न घातला असला पाहिजे.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा निघाला. त्या जिल्ह्यात अशी प्रश्नमालिका घेऊन जाणाऱ्यास भाषेपासूनच सुरुवात करावी लागेल. सिरोंच्याकडे तेलुगू, भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, मुलचेऱ्याकडील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली, आणि मराठी म्हणाल तर तीही झाडीबोलीच्या वळणाची. ऋतू विचारावयाचा तर मोह पडू लागला काय असे विचारावे. वर्षाचा आकडा विचारण्यात हशील नाही. शंभरातून सात वजा करावयास सांगण्याऐवजी मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्त्याचा पुडा बांधणाऱ्या म्हातारीजवळ जाऊन बसावे. सत्तर पानांचा एक पुडा, हे ती पोरवयापासून करीत आलेली असते. पाने मांडीवर सारखी करावयाची, मोजावयाची, सालीच्या दोरीने आवळावयाची. तिला विचारावे, आजी, दुपारपर्यंत तुझे किती पुडे होतील? मग दुपारी मुनशीने मोजून घ्यावेत. कमी भरले, पानांच्या संख्येत गफलत निघाली, आणि तरीही मुनशीच लबाड आहे असे ती निष्ठेने म्हणू लागली, तर दहा शब्दांच्या यादीतून जे कळावयाचे ते येथे अधिक खात्रीने कळेल. (मुनशी कधीकधी खरोखरच लबाड असतो, ही गोष्ट निराळी, तेवढी चौकशी आधी करावी.)

१९९८ साली देशोदेशीच्या संशोधकांनी टेन-सिक्स्टीसिक्स नावाचा एक संघ स्थापला. जगातील स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांपैकी सहासष्ट टक्के गरीब देशांत आणि त्यांच्यावरील संशोधन मात्र दहा टक्क्यांहून कमी, ह्या विषमतेवरून ते नाव. त्यांनी भारत, चीन आणि लॅटिन अमेरिकेतील वस्त्यांत जाऊन जी पाहणी केली, तिच्यावरून २०१२ साली असे दिसून आले की, स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी बहुसंख्यांना आपल्या विस्मरणाची जाणीव नसते. मात्र हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही, लॅटिन अमेरिकेत ते सर्वांत अधिक आणि भारतात सर्वांत कमी. रोग तोच, मेंदू तोच, मग मुलूख बदलल्याने अजाणतेपणा का बदलावा? म्हणजे तो केवळ मेंदूत नाही. तो विचारणाऱ्याच्या प्रश्नात, ऐकणाऱ्याच्या अपेक्षेत आणि घराच्या रीतीतही आहे.

घराची रीत म्हणजे काय, ह्याचा उत्तम दाखला आपल्या शेजारच्या गोव्याने दिला. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स ह्यांनी तेथील लोकांना एकत्र बसवून वार्धक्यातील विस्मरणाविषयी बोलते केले व २००१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. लक्षणे सर्वांच्या परिचयाची होती. परंतु तो आजार आहे, त्याकरिता कोणाला दाखवावे, असे जवळजवळ कोणास वाटत नव्हते. वय झाले की असेच होणार! आता ब्वेनोस आइरेसची वजाबाकी ह्या घरात करून पाहा. म्हातारा म्हणतो, मला काही झाले नाही. मुलगा म्हणतो, बुढ्याले काई नाई झालं, वय झालं. दोन जबान्या जुळल्या, बाकी शून्य, आणि कागदाच्या हिशेबी म्हातारा आपल्या अवस्थेविषयी पूर्ण जागरूक ठरला! जेथे घरचे लोकच आजाराला आजार म्हणत नाहीत, तेथे रोग्याचे अज्ञान मोजण्याचे माप आपोआप निकामी होते. किंबहुना एकत्र कुटुंबात ते आणखी एका मार्गाने निकामी होते : बाजार मुलगा करतो, चूल सून पेटवते, पैशाला हात लावावयाचे वृद्धास कारणच पडत नाही, मग हिशेब जमतो का ह्या प्रश्नाला दोघांचेही उत्तर होय असेच येते, कारण हिशेब करण्याचा प्रसंगच कित्येक वर्षांत आलेला नसतो. ह्या विषयाचा इतिहास लिहिणारे रोग्याच्या अजाणतेपणाविषयी पुष्कळ लिहितात, साक्षीदाराच्या अजाणतेपणाविषयी थोडे. माझ्या मते भारतात मुख्य अडचण ही दुसरी आहे. गोव्यातच २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमित डायस व सहकाऱ्यांच्या प्रयोगात, एक्क्याऐंशी कुटुंबे घेऊन, थोडेसे प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागारांना घरोघर धाडण्यात आले. त्यांच्या कामात हा आजार आहे हे घरच्यांना समजावून सांगणे आधी होते, बाकीचे नंतर. सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार त्याने हलका झाला.

लोकांना आपल्याच आजाराचा पत्ता नसणे, ह्या गोष्टीचा अनुभव गडचिरोलीस स्मृतिभ्रंशावाचूनही आहे. अभय व राणी बंग ह्यांनी १९८६च्या सुमारास ह्या जिल्ह्यात सर्च ही संस्था उभी केली आणि राणी बंग ह्यांनी दोन गावांतील साडेसहाशे स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली लॅन्सेट ह्या नियतकालिकात जी हकिकत छापली, तीत शेकडा ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे निघाले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या मात्र शेकडा आठच. अंगावरून जाणे, कंबर दुखणे हा बाईच्या जन्माचा भाग, असे मानून त्या चालत होत्या. येथे मेंदू शाबूत होता आणि तरी जाणीव नव्हती. ह्याच संस्थेत मज्जातज्ज्ञ योगेश्वर कालकोंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ ह्या काळात शहाऐंशी गावांतील प्रत्येक मृत्यूचा माग घेतला, तेव्हा ह्या अरण्यप्रदेशात सर्वाधिक बळी घेणारा रोग हिवताप नसून पक्षाघात असल्याचे दिसले. सुमारे दर सात मृत्यूंत एक त्याचा. बाबिन्स्कीच्या त्या दोन स्त्रियांना जे झाले तेच हे दुखणे. ह्यांतील बहुतेक माणसे दवाखान्यात नव्हे, घरीच मेली होती. मग कारण कसे कळले? घरी जाऊन, मृताच्या जवळच्यांना बसवून, बोलता येत होते का, तोंड वाकडे झाले होते का, कोणते अंग पडले, किती दिवस गेले, असे एकेक विचारून. हिला तोंडी शवचिकित्सा म्हणतात. तिच्यात एक जबानी तर कायमचीच गेलेली असते. तरीही प्रश्न पुरेसे बारीक असले, आणि आजार असा असा दिसतो हे विचारणाऱ्यास पक्के ठाऊक असले, म्हणजे निरक्षर नातलगाच्या स्मरणातून रोगाचे नाव निघते. नातलगाला रोगाचे नाव सांगावयास लावावयाचे नाही, त्याने काय पाहिले तेवढेच विचारावयाचे, ही त्यातली खुबी. वय झालं ह्या उत्तराशी थांबणाऱ्या खानेसुमारीच्या कारकुनाला ती साधली नव्हती.

आणि ह्याच जिल्ह्यात, त्याच सुमारास, वृद्धांच्या स्मरणशक्तीला कायद्याने एक अपूर्व किंमत आली. २००६चा वनहक्क कायदा व त्याखालील २००८चे नियम ह्यांनी असे ठरविले की, वनावरील हक्काच्या दाव्यास जे पुरावे चालतील त्यांत, दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदन हाही एक पुरावा समजावा. आदिवासी नसलेल्या पारंपरिक रहिवाशास तर तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, आणि तो मनुष्याच्या आठवणीवाचून दुसऱ्या कशाने दाखवावयाचा? धानोरा तालुक्यातील मेंढा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला व पुढे जिल्ह्यातील शेकडो गावांनी दावे केले. जुना नाला कोठून वाहत होता, गाव पूर्वी कोणत्या टेकडीखाली होते, देवाची जागा कोणती, हे सांगावयास म्हातारी माणसे पुढे बसली. ज्याची स्मृती ढासळली आहे पण त्याचा त्याला पत्ता नाही, असा मनुष्यही अशा वेळी तितक्याच ठामपणे बोलतो. किंबहुना अधिक ठामपणे, कारण रिकाम्या जागा त्याचे मन स्वतःच भरून घेते व त्या भरलेल्या आहेत ह्याची शंका त्याला शिवत नाही. दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या कागदावर ठाम मनुष्याचे निवेदन आणि चाचरणाऱ्या मनुष्याचे निवेदन ह्यांत फरक दिसत नाही.

परंतु ग्रामसभा कागदावर चालत नाही. तेथे एक बोलतो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच रानात ढोरे वळलेले, त्याच झाडाखाली मोह वेचलेले चारसहा समवयस्क ऐकत असतात, आणि नाला उगवतीला होता, मावळतीला नव्हे, असे त्यांतील कोणी जागच्या जागी म्हणतो. मुलगा हे म्हणू शकत नाही, कारण त्याने तो नाला पाहिलेला नाही. सून तर दुसऱ्या गावची. वैद्यकाच्या वजाबाकीत ज्या साक्षीदाराला जागा नाही तो हा : घरचा नव्हे, बरोबरीचा. दर आठवड्याच्या बाजाराला ज्याच्याशेजारी बसून तीस वर्षे टोपल्या विकल्या तो जोडीदार, माहेरच्या गावची चुलत बहीण, मोहाच्या हंगामातली सोबतीण, ह्यांना म्हातारपण नेहमीचे कसे असते हे स्वतःच्या अंगावरून ठाऊक असते. त्यामुळे वय झालं हे उत्तर त्यांच्याकडून सहसा येत नाही. त्या म्हणतात, मीही तेवढीच आहे, मला नाही असे होत. दोन जबान्या जुळून बाकी शून्य उरली तरी ही तिसरी जबानी घ्यावयाची. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कोणत्याही गावात ती घेण्यास पायपीट फार करावी लागत नाही, फक्त बाजाराचा दिवस पाहून जावे लागते.